'काहीच घडलं नाही' हाच स्कोअर : एका गेममागचा शंभर वर्षांचा इतिहास

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. पण घरात आठवी ते बारावीतलं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि जमलं तर त्यालाही वाचायला द्या.

गेले काही महिने आम्ही तिघं मिळून शाळकरी मुलांसाठी एक छोटा गेम बनवतोय. कोडिंग माझं, गणितं फिजिक्स शिकवणाऱ्या एका सरांची आणि चित्रं माझ्या भाच्याची. विषय आहे एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजे आकाशातली आणि धावपट्टीवरची विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या माणसांची नोकरी. गेम साध्या ब्राउझरमध्ये चालतो. डाउनलोड नाही, लॉगिन नाही, जाहिरात नाही. शाळेच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि आईच्या फोनवर चालला पाहिजे, एवढीच अट आम्ही घालून घेतली होती.

हाच विषय का? कुठल्याही वर्गात जा आणि विमानाशी संबंधित नोकऱ्या विचारा. पायलट आणि एअर होस्टेस ही दोन उत्तरं लगेच येतात. मग एखादा म्हणतो, 'सामान चढवणारे.' पायलटशी सतत बोलणारा, त्याला 'थांब', 'वर जा', 'उतर' असं सांगणारा माणूस कुणाच्या यादीत नसतो. जी नोकरी आहे हेच माहीत नाही, तिचा फॉर्म कोण भरणार?

गेमची आखणी चालली होती तेव्हा सर प्रत्येक नियमावर एकच प्रश्न विचारायचे. दोन विमानांत उंचीचं अंतर हजार फूटच का? पायलटने सूचना परत म्हणूनच का दाखवायची? 'टेक-ऑफ' हा शब्द वाटेल तेव्हा का वापरायचा नाही? उत्तर शोधायला गेलं की बहुतेक वेळा एक तारीख निघायची आणि त्या तारखेपुढे मेलेल्या माणसांचा आकडा. तेव्हा आम्ही ठरवलं की गेमच्या लेव्हल म्हणजे इतिहासातली वर्षंच ठेवायची. सोपी, मध्यम, अवघड अशी नावं द्यायचीच नाहीत.

तो इतिहास मराठीत एका जागी फारसा सापडत नाही, म्हणून इथे मांडते.

लेव्हल १ : सन १९२२

लंडन-पॅरिस ही तेव्हाची गजबजलेली हवाई वाट. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० मध्येच एक छोटा टॉवर उभा राहिला होता आणि तिथून विमानांशी रेडिओवर बोलायचे प्रयोग चालू होते. पण विमानतळ सोडला की पायलट एकटा. खाली रस्ता किंवा रेल्वेचे रूळ दिसले की त्यांच्यावरून नाकासमोर जायचं, हीच दिशा ओळखायची रीत.

७ एप्रिल १९२२. उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी भागात धुकं होतं. एक विमान क्रॉयडनहून पॅरिसकडे निघालेलं, दुसरं पॅरिसहून क्रॉयडनकडे. दोघं खालचा तोच रस्ता बघत, तेवढ्याच उंचीवर, समोरासमोर आले. सातही जण गेले. प्रवासी विमानांची ही पहिली टक्कर मानतात. त्यानंतर ठरलेले मार्ग आणि वाटेची आपली बाजू धरून उडायचं, असे नियम पुढे आले. आपण गावाकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की डावी बाजू धरतो, तसंच.

आमच्या पहिल्या लेव्हलमध्ये खेळणाऱ्याच्या हातात रेडिओ नाही, रडार नाही. तो फक्त नकाशावर वाटा आखतो, जाणाऱ्यांची एक आणि येणाऱ्यांची वेगळी. मग धुकं येतं आणि त्याने आखलेली वाट बरोबर होती की नाही ते कळतं.

लेव्हल २ : १९२९ ते १९३६

अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ मध्ये आर्ची लीग नावाच्या माणसाला कामावर घेतलं. अमेरिकेत त्याला पहिला एअर ट्रॅफिक कंट्रोलर मानतात. त्याचं 'ऑफिस' म्हणजे एक ढकलगाडी. तिच्यात खुर्ची, उन्हासाठी छत्री, एक वही आणि दोन झेंडे. लाल झेंडा म्हणजे थांब, चौकड्यांचा झेंडा म्हणजे जा. रोज सकाळी ती गाडी ढकलत धावपट्टीच्या टोकाला न्यायची आणि दिवसभर तिथे उभं राहायचं.

झेंडा दिसेल तेवढ्याच अंतरावरचं विमान तो सांभाळू शकत होता. पुढे नेवार्कला डिसेंबर १९३५ मध्ये विमान कंपन्यांनी एकत्र येऊन एक केंद्र काढलं. टेबलावर मोठा नकाशा, आणि त्यावर विमानाचं नाव लावलेले छोटे ठोकळे. कंट्रोलरचा पायलटशी थेट संबंध नाही. पायलट आपल्या कंपनीच्या माणसाला रेडिओवर सांगणार, तो माणूस फोनवर केंद्राला सांगणार, मग केंद्रातला माणूस ठोकळा चार बोटं पुढे सरकवणार. जुलै १९३६ मध्ये हे काम सरकारने आपल्याकडे घेतलं. आकाश सगळ्यांचं आहे, तेव्हा ते सांभाळायची जबाबदारी एखाद्या कंपनीवर सोडून चालणार नाही, हे तेव्हा मान्य झालं. आजही बऱ्याच देशांत हे काम सरकारी यंत्रणेकडे आहे.

आपल्याकडे त्या वेळी काय होतं? १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान एका इंजिनचं, पस मॉथ. विमानात रेडिओ नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूची पट्टी पावसाळ्यात चिखलात जायची, म्हणून पावसाळ्यात विमानांचा मुक्काम पुण्याला हलवायचे. अख्ख्या आकाशात एकच विमान असेल तर कंट्रोलर कशाला हवा? तो लागतो दुसरं विमान आल्यावर.

लेव्हल ३ : १९५६

गेम तपासून बघणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी लेव्हल ही.

३० जून १९५६. लॉस एंजेलिसहून सकाळी तीन मिनिटांच्या अंतराने दोन प्रवासी विमानं निघाली. एक टीडब्ल्यूएचं, दुसरं युनायटेडचं. काही वेळाने दोन्ही २१,००० फुटांवर आली. ज्या भागावरून जायचं होतं तो 'नियंत्रणाबाहेरचा' होता. तिथे नियम एकच, ज्याने त्याने डोळे उघडे ठेवावेत. पुढच्या केंद्रातल्या कंट्रोलरकडे दोन्ही विमानांची माहिती कागदावर आलेली होती. तीच उंची आणि एक ठरावीक रेषा ओलांडायची अंदाजे वेळही तीच. पण त्या भागातल्या विमानांना सावध करायचं बंधन त्याच्यावर नव्हतं. ग्रँड कॅन्यनवर दोन्ही विमानं आदळली. १२८ माणसं गेली.

देशभर संताप उसळला, संसदेत चौकशी झाली आणि १९५८ मध्ये नवा कायदा होऊन आज आपण जिला एफएए म्हणतो ती यंत्रणा जन्माला आली. रडारवर पैसा खर्च झाला, नियंत्रणाखालचं आकाश वाढलं.

या लेव्हलमध्ये आम्ही मुलांना फक्त दोन कागदी पट्ट्या देतो. कंट्रोलर तिला स्ट्रिप म्हणतात. विमानाचं नाव, उंची, वेळ. चित्र नाही, ठिपके नाहीत. दोन पट्ट्या शेजारी ठेवून 'अरे, हे तर एकाच जागी पोचतायत' हे ओळखायचं. आठवीतली मुलं हे ओळखतात. आणि मग विचारतात, 'मग त्यांनी सांगितलं का नाही?' या प्रश्नाचं उत्तर गेम देत नाही. तिथे आम्ही एवढंच लिहिलंय की नियमात ते त्याचं काम नव्हतं. वर्गात यावर चर्चा व्हावी अशी सरांची इच्छा आहे, आणि माझीही.

मधली लेव्हल : जुहू की सांताक्रूझ?

ही खास आपली. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ इतके जवळ आहेत, आणि दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा इतकी मिळतीजुळती, की पश्चिमेकडून येणाऱ्याला चकवा बसू शकतो. १५ जुलै १९५३ ला बीओएसी कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरलं. नशिबाने कुणाला काही झालं नाही. सामान काढून विमान हलकं केलं आणि काही दिवसांनी ते तिथून उडवून नेलं. मग २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केलं. ते पट्टीच्या पुढे निघून गेलं आणि कायमचं निकामी झालं. जीव मात्र सगळ्यांचे वाचले.

टॉवरमध्ये काचेच्या भिंती का असतात, हे या लेव्हलमध्ये कळतं. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असताना मान वर करून खिडकीबाहेर बघणं हेही कामच आहे.

लेव्हल ४ : १९७७

२७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफे बेट. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे मोठी मोठी विमानं या छोट्या विमानतळावर वळवली होती. गर्दी, वर दाट धुकं. धावपट्टीवर दोन जंबो जेट, केएलएम आणि पॅन अ‍ॅमचं. केएलएमच्या पायलटला पुढच्या मार्गाची सूचना मिळाली होती, उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. सूचना परत म्हणताना तिकडून 'आता आम्ही टेक-ऑफवर आहोत' अशा अर्थाचं काहीतरी मोघम बोललं गेलं. टॉवरने 'ओके' म्हटलं आणि पुढे 'थांबा' असं सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी पॅन अ‍ॅमही बोललं. दोन आवाज एकमेकांवर आदळले, केएलएमच्या कानात नुसती शिट्टी आली आणि विमान सुटलं. ५८३ माणसं मेली. विमान अपघातांतला हा आजवरचा सर्वात मोठा आकडा.

त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असं ठरलं. नुसत्या 'ओके'वर काम भागवायचं नाही, महत्त्वाची सूचना पायलटने शब्दशः परत म्हणून दाखवायची, यावर भर आला. तिला रीडबॅक म्हणतात. कंट्रोलरने सांगायचं आणि परत आलेलं तितक्याच लक्षाने ऐकायचं. कामाचा अर्धा भाग ऐकण्याचा आहे.

या लेव्हलमध्ये मुलांना रीडबॅकमधली चूक पकडायची असते. 'क्लाइंब टू सिक्स थाउजंड' सांगितलं आणि तिकडून 'सेव्हन' आलं, तर? नऊला 'नाइनर' का म्हणतात हेही इथेच येतं. खरखरणाऱ्या रेडिओवर 'नाइन' आणि 'फाइव्ह' सारखेच ऐकू येतात. मुलांना हे भयंकर आवडतं. एका वर्गात नंतर आठवडाभर हजेरी 'नाइनर'मध्ये चालू होती म्हणे.

लेव्हल ५ : १९९६

हा अपघात आपल्या देशातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियन एअरलाइन्सचं जंबो विमान निघालं. कामासाठी आखातात निघालेले कितीतरी भारतीय त्यात होते. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन विमान दिल्लीला उतरायला येत होतं. दिल्लीच्या आसपासचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे असल्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच वाट होती. कंट्रोलरने सौदी विमानाला १४,००० फुटांवर ठेवलं, कझाक विमानाला १५,००० वर. मध्ये हजार फुटांचं अंतर, नियमाप्रमाणे. समोरून सौदीचं विमान येतंय, हेही त्याने कझाक विमानाला सांगितलं.

कझाक विमान १५,००० वर थांबलं नाही, खाली आलं. हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमानं धडकली. एकूण ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. हवेत झालेल्या टकरींमध्ये हा जगातला सर्वात मोठा आकडा आहे.

कंट्रोलरला ते खाली येणं दिसलं कसं नाही? कारण त्याच्यासमोरच्या जुन्या रडारवर फक्त ठिपका दिसायचा, उंची नाही. विमानाची उंची स्क्रीनवर आणणारं रडार दिल्लीत तेव्हा चालू झालेलं नव्हतं. पायलट जी उंची सांगेल ती खरी मानायची. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत अपघाताचं कारण निघालं ते कझाक विमानाने नेमून दिलेली उंची सोडणं. त्यामागे त्या चमूचं तोकडं इंग्रजी आणि आपसातला विसंवाद होता. कॉकपिटमध्ये रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. कंट्रोलरवर दोष आला नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार कामाला लागलं आणि समोरच्या विमानाबद्दल पायलटला थेट सावध करणारं यंत्र विमानांत बसवणं भारतात सक्तीचं झालं.

पिकार्डीत १९२२ मध्ये सात माणसं गेल्यावर जे कळलं होतं, की येणारे आणि जाणारे वेगळे ठेवा, ते दिल्लीच्या आकाशात पुरतं उतरायला ३४९ माणसं जावी लागली. हे वाक्य मी गेममध्ये घातलेलं नाही. इथे घालते, कारण ही पोस्ट मोठी माणसं वाचतायत.

या लेव्हलवरून आमच्यात वादही झाला. भाच्याचं म्हणणं होतं, गेम आहे तर टक्कर दिसली पाहिजे, नाहीतर मुलं खेळणार नाहीत. सरांचं म्हणणं, ज्यांच्या घरातली माणसं त्या विमानात होती ते आजही आहेत. शेवटी असं ठरलं की कुठल्याही लेव्हलमध्ये स्फोट नाही, आग नाही, आवाज नाही. अंतर धोक्याच्या आत गेलं की स्क्रीन थांबते, घड्याळ मागे फिरतं आणि 'इथे बोलला असतास तर चाळीस सेकंद हातात होते' एवढंच दाखवतं. मुलं खेळतात. चाळीस सेकंदांचं दडपण त्यांना पुरतं.

लेव्हल ६ : माणसं किती आहेत?

अपघातांचा इतिहास म्हणजे फक्त यंत्रांचा इतिहास, असं वाटू नये म्हणून ही लेव्हल.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर दोन विमानं धडकली, ७१ माणसं गेली, त्यात सहलीला निघालेली रशियन शाळकरी मुलं कितीतरी होती. झुरिकच्या केंद्रात त्या वेळी प्रत्यक्ष कामावर एकच कंट्रोलर होता, दोन स्क्रीन एकटा सांभाळत. दुसरा विश्रांतीला गेलेला, आणि ही तिथली रुळलेली पद्धत. त्याच रात्री दुरुस्तीसाठी मुख्य फोनयंत्रणा बंद. शेजारच्या केंद्रातल्या माणसांना धोका दिसत होता, ते फोन लावत होते, फोन लागत नव्हता.

अमेरिकेत १९८१ च्या ऑगस्टमध्ये कंट्रोलरनी पगार आणि कामाच्या तासांसाठी संप केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि कामावर न आलेल्या ११,००० हून जास्त जणांना काढून टाकलं. संपाची बाजू बरोबर की सरकारची, यावर आजही भांडणं होतात. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. ती माणसं भरून काढायला पुढे कितीतरी वर्षं लागली. कंट्रोलर दुकानात मिळत नाही. भरती, प्रशिक्षण, मग ज्येष्ठाच्या शेजारी बसून प्रत्यक्ष काम, मग परीक्षा, आणि तीही त्या त्या जागेची. मुंबईचं काम येणाऱ्याला उद्या दिल्लीच्या स्क्रीनसमोर बसवता येत नाही, तिथली परवानगी पुन्हा मिळवावी लागते.

आणि जवळचं उदाहरण. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर उड्डाणांचे संदेश पुढे पाठवणारी यंत्रणा बिघडली. कंट्रोलरना फ्लाइट प्लॅनची कामं हाताने करावी लागली. आठशेच्या वर उड्डाणांना उशीर झाला, टीव्हीवर दिवसभर प्रवाशांचा संताप दिसला. अपघात एकही झाला नाही. तो न होण्यामागे त्या दिवशी किती माणसं डोळ्यांत तेल घालून बसली असतील, याची बातमी झाली नाही. होणारही नव्हती. या कामाची हीच गंमत आहे, नीट झालं तर दिसतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : विमानतळाच्या उद्घाटनाला आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा टॉवरमध्ये मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, रात्रपाळीनंतर विश्रांती किती मिळते, हेही विचारायला पाहिजे. आमदार-खासदारांना विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्न मी तरी कधी ऐकलेला नाही.

शेवटची लेव्हल : आजची मुंबई

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकीवरच काम चालतं. गर्दीच्या वेळी तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. भागाकार करा, ऐंशी सेकंदांना एक. २०१३ मध्ये उभ्या राहिलेल्या सुमारे ८४ मीटर उंच टॉवरमधून हे सगळं दिसतं. पण तिथे बसलेली माणसं म्हणजे सगळे कंट्रोलर नव्हेत. एक जण पार्किंगपासून धावपट्टीपर्यंत विमान आणतो, दुसरा धावपट्टी सांभाळतो. पुढे अ‍ॅप्रोचवाला, त्याच्यापुढे लांबचा मार्ग बघणारा, ते रडारसमोर बंद खोलीत. विमान असं हातातून हातात जातं, पालखी खांद्यावरून खांद्यावर जाते तसं.

या लेव्हलचं गणित सातवीचं आहे. समोरासमोर येणारी दोन विमानं, प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटर. जवळ येण्याचा वेग १८००. म्हणजे मिनिटाला तीस किलोमीटर, दोन सेकंदांना एक. रडारवर पाच नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर दिसतंय. बोलायला किती वेळ आहे? अठरा सेकंद. मुलं हे गणित वहीत करतात आणि गप्प होतात.

आता पालकांसाठी कामाचं.

भारतात नागरी विमानतळांवर हे काम मुख्यतः भारतीय विमानतळ प्राधिकरण, म्हणजे एएआय, करतं. 'ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल' या पदाची जाहिरात निघते. फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बीएस्सी, किंवा हे विषय शिकलेली इंजिनिअरिंगची पदवी लागते. खुल्या गटाला आजवर २७ वर्षांची मर्यादा राहिली आहे, आरक्षित गटांना सवलत. ऑनलाइन परीक्षा, आवाजाची चाचणी, वैद्यकीय तपासणी. अटी बदलू शकतात, तेव्हा ज्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. निवड झाल्यावर प्रशिक्षण एएआयच देतं. त्याचं जुनं केंद्र प्रयागराजला आहे, १९४८ पासूनचं. आणि एक केंद्र आपल्या गोंदियाला आहे! विदर्भातल्या किती मुलांना हे माहीत आहे?

तेव्हा 'एटीसीचा कोर्स करा, नोकरी पक्की' असं सांगून कुणी लाखात फी मागत असेल, तर आधी थांबा. अर्ज करायला असा कुठलाही खासगी कोर्स लागत नाही.

इंग्रजीची भीती हा दुसरा अडसर. मराठी माध्यमाची मुलं इथेच मागे सरतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कंट्रोलरला सहा पायऱ्यांपैकी निदान चौथ्या पायरीचं इंग्रजी यावं लागतं. म्हणजे स्पष्ट बोलणं, समोरच्याचं नीट समजणं, अडचणीच्या वेळी साध्या शब्दांत विचारता येणं. साहेबी उच्चार नकोत. रोजच्या कामातली बरीचशी वाक्यं तर ठरलेलीच असतात. गेममध्ये ती वाक्यं इंग्रजीत ऐकू येतात आणि अर्थ खाली मराठीत दिसतो. दहा दिवस खेळलेली मुलं ती वाक्यं न अडखळता म्हणतात. भाषेची भीती किती आणि भाषा किती, हे तिथे कळतं.

राहता राहिला गेमचा प्रश्न. अमेरिकेच्या एफएएने २०२१ मध्ये गेम खेळणाऱ्या तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून 'लेव्हल अप' नावाची भरतीची मोहीम काढली होती. त्यामुळे 'गेम खेळणारा चांगला कंट्रोलर होतो' असं आता सर्रास ऐकू येतं. मी गेम बनवणारी आहे, तरी सांगते, हे अर्धंच खरं. एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष ठेवणं गेममधून येत असेल. पण बहुतेक गेम वेगाला बक्षीस देतात. इथे बक्षीस थांबण्याला आहे. शंका आली की थांबवायचं, परत विचारायचं, गरज पडली तर विमानाला एक घिरटी जास्त मारायला लावायची. पायलट वैतागेल, प्रवासी वैतागतील, चालेल.

म्हणून आमच्या गेममध्ये विमानं भराभर उतरवल्याचे गुण नाहीत. पाळी संपली की स्क्रीनवर एकच ओळ येते : 'आज काहीच घडलं नाही.' सुरुवातीला मुलं विचारतात, 'बस, एवढंच?' शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचलेली मुलं तसं विचारत नाहीत.

गेम दिवाळीनंतर खुला करतोय, फुकट. ज्या शिक्षकांना वर्गात वापरून बघायचा असेल त्यांनी कळवा. लॅबमध्ये दोनच कॉम्प्युटर चालू असतील तरी हरकत नाही. एकाने पायलट व्हायचं, एकाने कंट्रोलर, बाकीच्यांनी रीडबॅक ऐकायचा. चूक पकडणाऱ्याला पुढची पाळी.